स्वग्राम कोणते?

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी आचारप्रकरणात साधकाला जे त्याग सांगितले, त्यांत देशाचा, गावाचा आणि आप्तजनांचा त्याग एकापुढे एक असे येतात, आणि आप्तसंबंधाचा त्याग तर विशेषेकरून करावा असा तेथे भर आहे. हे वचन आपल्या पंथातील लहान मुलांच्याही कानांवरून गेलेले असते. परंतु जे वचन फार परिचयाचे होते त्याचा अर्थ आपण पुन्हा तपासीत नाही. प्रस्तुत लेखकाचे तसेच झाले. त्या वचनाचा आधार घेऊनच मी एक गोष्ट केली, आणि ती करताना त्या वचनाच्या नेमके विरुद्ध वागत असल्याचे माझ्या लक्षात यावयास आठ वर्षे लागली. म्हणून हा विचार मांडीत आहे.

प्रश्न असा की, मुंबई-पुण्यासारख्या नगरात आयुष्य गेलेल्या वासनिकाने उतारवयात ते नगर सोडून, स्वामींच्या चरणस्पर्शाने पावन झालेल्या एखाद्या लहानशा, जुन्या, शेतीवर जगणाऱ्या गावी जाऊन राहावे काय? आणि राहिल्यास त्यास त्याग म्हणावे की नवा परिग्रह? अलीकडे हा प्रश्न अनेकांच्या मनात आहे. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर शहराचा भरवसा वाटेनासा झालेली कुटुंबे पुष्कळ. त्यांतील उपदेशी मंडळी एकमेकांस विचारतात, 'स्थानाजवळ जाऊन राहिलो तर स्मरण घडेल ना?' यावर आपण सामान्यतः विचार न करताच 'अवश्य घडेल' म्हणून मोकळे होतो.

बुलढाणा जिल्ह्याचा घाटावरील भाग अशा मनास ओढ लावणाराच आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावून पैनगंगा खाली उतरते आणि तिच्या काठी मेहकर वसलेले आहे. अकबराच्या काळी हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते, आईन-इ-अकबरीत त्याची नोंद आहे. येथील शार्ङ्गधराची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. गावाच्या कडेला कंचनीचा महाल पडक्या अवस्थेत उभा आहे. एका बाजूस सिंदखेड राजा, जेथे लखुजी जाधवांच्या घरी जिजाऊ जन्मल्या. दुसऱ्या बाजूस लोणारचे ते सुमारे १·८ किलोमीटर व्यासाचे, बेसाल्टच्या खडकात उल्कापाताने झालेले विवर आणि त्याच्या तळाशी खारे सरोवर. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, जालना जिल्ह्यात, जाळीचा देव. मेहकर आणि लोणार ही दोन्ही स्वामींच्या एकाकी भ्रमणकाळातील गावे होत. लीळाचरित्राच्या एकांकात त्यांचा उल्लेख आहे आणि स्थानपोथीत तेथील स्थानांची नोंद आहे. उपदेशी माणसाने अशा मुलखात यावयाची इच्छा धरणे स्वाभाविक नव्हे काय? शिवाय पूर्वी हा प्रवास कष्टाचा होता. आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यांतून गेला आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण झाला. नगरातला मनुष्य आता सकाळी निघून सायंकाळच्या आत ओट्यापुढे दंडवत घालू शकतो.

असो. प्रथम वचनाकडे वळू.

हे वचन मुख्यतः अनुसरलेल्या साधकास उद्देशून आहे, यात वाद नाही. ज्याने घरदार सोडून भिक्षा, विजन आणि नित्याटन स्वीकारले त्याला स्वग्रामी राहता येत नाही, कारण तेथे त्याला कोणी 'अमक्याचा मुलगा' म्हणून ओळखतो, कोणी दुधाची वाटी पुढे करतो, कोणी जुने भांडण उकरतो. आणि जो मोठ्या कष्टाने कोणाचाच न होण्यास निघाला तो पुन्हा कोणाचा तरी होऊन बसतो. वासनिकाला हा विधी अक्षरशः लागू नाही. तो संसारी आहे, त्याला घर लागते. परंतु विधी लागू नसला तरी विधीचे कारण लागू नसते असे नाही. आणि कारण पाहू गेल्यास त्या वचनातील कळीचा शब्द 'देश' नव्हे, 'ग्राम'ही नव्हे. तो 'संबंध' हा आहे. गाव सोडावे असे सांगितले नसून गावाचा संबंध सोडावा असे सांगितले आहे. नुसते गाव सोडावयाचे असते तर ते काम बैलगाडीनेही झाले असते.

येथे पूर्वपक्ष असा संभवतो: 'संबंध सुटण्यासाठीच तर गाव सोडावयाचे. जन्मगावी न जाता, नोकरीच्या नगरीही न राहता, जेथे आपले कोणीच नाही अशा स्थानाच्या गावी गेले की स्वदेश, स्वग्राम आणि संबंधी तिन्ही एकदमच सुटले. यात अयुक्त काय?' हा पूर्वपक्ष मी स्वतःच्याच तोंडून पुष्कळदा ऐकला आहे. माझा जन्म खानदेशातला. निवृत्तीनंतर भावंडांनी गावी बोलावले असता मी याच वचनाकडे बोट दाखविले, आणि २०१४ साली मेहकरजवळ येऊन राहिलो. वडिलोपार्जित शेताच्या उताऱ्यावर माझे नाव होते, त्यामुळे शेतजमीन घेण्यास अडचण आली नाही. कारण विदर्भात १९५८ च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्यास ती सहसा घेता येत नाही. म्हणजे पाहा, स्वग्राम सोडण्याची पात्रता मला स्वग्रामाच्या सातबाऱ्यानेच मिळाली! त्या वेळी यातील विनोद कळला नाही.

या पूर्वपक्षाच्या पुष्टीस आणखी एक वचन आणले जाते. देशाच्या शेवटी, झाडाखाली राहून जन्म घालवावा, अशा आशयाचा स्वामींचा उपदेश आहे. निवृत्त मनुष्यास तो फार प्रिय असतो. परंतु ते झाड कोणाचे? ज्या झाडाखाली साधकाने बसावयाचे ते सातबाऱ्यावर त्याच्या नावे नसते, त्याभोवती तारेचे कुंपण नसते, आणि त्याच्या सावलीत दुसरा वाटसरू येऊन बसला तर साधक त्यास 'हे माझे विजन आहे' असे सांगत नाही. उद्या कोणी ते झाड तोडण्यास आलाच तर साधक कळवळेल. परंतु ती हिंसेची कळवळ असेल, वस्तू गेल्याची नव्हे. देशाचा शेवट म्हणजे नकाशावरील टोक नव्हे. जेथे 'माझे' हा शब्द वापरण्यास विषयच उरत नाही असे ठिकाण, असा त्याचा अर्थ घेतला तरच त्याची आचारप्रकरणातील इतर वचनांशी संगती लागते.

आता स्थानाचा विचार. स्थान वंद्य का? माती, दगड, ओटा हे सर्व प्रपंचातले, जड. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपल्या शास्त्रात पृथक् मानले आहेत. प्रपंचातील वस्तूस स्वतःचे असे कोणतेही तारक सामर्थ्य नाही. मेहकरची माती ही खानदेशच्या मातीहून अधिक पवित्र आहे असे केवळ माती म्हणून म्हणता येणार नाही. ती वंद्य झाली ती परमेश्वरावताराच्या सन्निधानामुळे, म्हणजे त्याच्याशी आलेल्या संबंधामुळे. येथे तोच शब्द पुन्हा आला. ज्या 'संबंधा'चा त्याग करावयाचा तोही संबंधच आणि ज्यामुळे स्थान वंद्य ठरते तोही संबंधच. भेद एवढाच की एकाच्या मुळाशी 'मी' आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी 'तो'. या दोहोंची गल्लत फार सुलभ आहे, कारण जागा तीच असते, कपाळ टेकविणारा मनुष्य तोच असतो, आणि बाहेरून पाहणारास काहीच वेगळे दिसत नाही. सकाळी ओट्यापुढे दंडवत घालताना पहिला संबंध जागा असेल; दुपारी 'आमच्या मेहकरास कोणी विचारीत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा दुसरा जागा झालेला असतो.

लीळाचरित्राच्या भाषेकडे थोडे लक्ष दिले तर येथे मोठा प्रकाश पडतो. स्वामी एखाद्या गावी रात्रीपुरते राहिले तर लीळेच्या शीर्षकात 'वसति' येते, काही दिवस वा महिने राहिले तर 'अवस्थान' येते. घर केले, वतन घेतले, असे त्या दोन शब्दांपैकी कोणताही सांगत नाही. लोणारच्या वास्तव्यात यादवराजा कान्हरदेव स्वामींच्या भेटीस आला. ज्या गावी राजा दर्शनास येतो ते गाव सोडून जाणे आपल्याला जमले असते काय? आपण तेथे निदान एक धर्मशाळा तरी बांधली असती. स्वामी पुढे निघाले. लोणार आपल्याला वंद्य आहे ते स्वामी तेथून निघून गेले असतानाही, किंबहुना धाडसाने म्हणावयाचे तर, ते निघून गेले म्हणूनही. धरून ठेवलेल्या जागेचे स्थान होत नाही, तिची इस्टेट होते.

कर्नाटक आणि तेलंगण या देशी जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, अशी स्वामींची आज्ञा प्रसिद्ध आहे. तिचा उपयोग अलीकडे केवळ प्रादेशिक अभिमानासाठी होतो, हे दुःखद आहे. त्या आज्ञेमागे सांगितलेले कारण वेगळे आहे: ते देश विषयांनी समृद्ध, आणि तेथे विरक्तास मान फार. म्हणजे भूमी वाईट नव्हे. तेथील सुख आणि तेथील मान साधकास घातक. हेच माप घेऊन आजच्या परिस्थितीकडे पाहावे. नगरात चाळीस वर्षे आगगाडीत उभ्याने प्रवास केलेल्या माणसास विषयबहुल देश कोणता? त्याला नगरातील दिव्यांचा झगमगाट आता मोहवीत नाही. त्याला मोहविते ती शांतता, पहाटेचा वारा, विहिरीचे पाणी, कडुनिंबाची सावली. आणि मान? ज्याला इमारतीतला शेजारी नावाने ओळखीत नव्हता त्याला लहान गावात सभेच्या पहिल्या ओळीत बसवितात, ध्वजवंदनास बोलावितात, 'मुंबईचे साहेब' म्हणतात. मी ज्याला महाराष्ट्र समजून आलो, तो माझ्यापुरता तेलंगणच होता.

येथे मला स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. तिच्याशिवाय वरील विवेचन पोथीतच राहील.

मी घेतलेले शेत दोन एकरांचे. त्यात सोयाबीन आणि तूर बटाईने देत असे. कडेला तीन कडुनिंब होते, त्यांच्या सावलीत स्मरणासाठी एक खोली बांधली. माझ्या शेतापलीकडे एका शेतकऱ्याचे चार एकर आहेत. त्याची गाडीवाट नाल्यातून जाते. पावसाळ्यात नाला भरला की ती बंद होते. तेव्हा तो पूर्वीच्या मालकाच्या काळापासून माझ्या धुऱ्याच्या कडेने गाडी नेत असे. कागदावर ही वहिवाट कोठेही नव्हती. पहिली दोन वर्षे मी काही बोललो नाही. पुढे बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला. पहाटे ऐन स्मरणाच्या वेळी त्याचा आवाज खोलीशेजारून जाई, धुऱ्यावरची माती ढासळे. मी मोजणी करून घेतली, खांब रोवले, तारा ओढल्या. त्याने येऊन हात जोडले. मी त्याला समजाविले की ही जागा देवाच्या नामासाठी राखलेली आहे. तो म्हणाला, "काकाजी, तुमाले शांतता पाह्यजे, आमाले वाट पाह्यजे." मला ते उद्धट वाटले.

२०२२ च्या आश्विनात परतीचा पाऊस लांबला. त्याचे सोयाबीन कापून गंजी लावलेले होते. नाला भरून वाहत होता. मळणीयंत्र शेतात नेता येईना आणि माल बाहेर काढता येईना. दहा-बारा दिवसांनी वाट मोकळी झाली तेव्हा गंजीच्या आतल्या शेंगांना कोंब फुटलेले होते. मी ते माझ्या खोलीच्या खिडकीतून पाहिले. त्या दिवशीही मी स्मरण केले, हे लिहिताना लाज वाटते.

त्याने पुढे तहसिलीत अर्ज केला. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे धुऱ्यावरून वाट मागता येते, आणि पूर्वापार वाट अडविली असल्यास १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ आहे. मी वकील दिला. माझे कागद चोख होते. जुन्या वहिवाटीचा पुरावा त्याच्याजवळ नव्हता. साक्ष देणारा पूर्वीचा मालक वारला होता. आपली बाजू कायद्याने बळकट आहे हे कळल्यावर मनाला जो आनंद झाला त्याची चव मला अजून आठवते. ती नामाच्या आनंदासारखी मुळीच नव्हती.

त्याच हिवाळ्यात अटनास निघालेल्या दोन तपस्विनी एका रात्रीपुरत्या आमच्याकडे थांबल्या. त्यांतील वृद्ध तपस्विनी रात्री श्रीगोविंदप्रभूंच्या लीळा सांगत होत्या. मी सहज म्हणालो, "आई, श्रीचक्रधरस्वामींनी तर सदा भ्रमण केले, पण श्रीप्रभूंनी रिद्धपूर सोडले नाही. म्हणजे एका ठिकाणी राहण्यासही आधार आहेच." माझ्या मनात माझी बाजू होती, हे उघड आहे. त्या म्हणाल्या, "आहे ना भाऊ. पण रिद्धपुरात श्रीप्रभूंचे घर कोणते होते, आणि कोणते नव्हते, ते सांगा."

मी उत्तर देऊ शकलो नाही. श्रीप्रभू रिद्धपुरात राहिले म्हणजे कसे राहिले? ते कोणाच्याही घरात शिरत, कोणाच्याही चुलीवरचे खात. महार-मातंगांच्या वस्तीत जात, ज्या काळी तसे जाणे अकल्पनीय होते. मातंगांनी पाण्याची अडचण सांगितली तेव्हा विहिरीची जागा त्यांनी दाखविली, अशी लीळा आहे. गावचे लोक त्यांना माय म्हणत, बाप म्हणत. सारे गाव त्यांच्यावर हक्क सांगत असे. त्यांनी गावातील कशावरही हक्क सांगितला नाही. एका गावी जन्मभर राहूनही स्वग्राम नसणे हे असे असते. आणि नेमके याच्या उलट मी केले होते. जेथे माझे कोणी नव्हते अशा गावी येऊन मी आठ वर्षांत तेथे धुरा, खांब, तारा, वकील आणि वैरी एवढे सर्व मिळविले. खानदेशातल्या गावी माझी एवढीही मालमत्ता नव्हती. स्वग्राम म्हणजे जन्मलेले गाव, हा अर्थच मुळात अपुरा होता. ज्या गावातील जमिनीच्या एका हातासाठी मी दुसऱ्याचे पीक कुजू देतो ते माझे स्वग्राम. मग ते बापजाद्यांचे असो, की परवा खरेदीखत केलेले असो.

यावर कोणी म्हणेल की, मग त्या शेतकऱ्याचे काय? त्यालाही जमिनीची ममता आहेच. किंबहुना अधिक आहे. त्याला हा उपदेश का लागू नये? या प्रश्नाचा मी पुष्कळ विचार केला, कारण आपला दोष हलका करण्याची ती सोपी वाट होती. तत्त्वतः त्याची ममताही बंधच आहे, हे खरे. परंतु त्याचा जमिनीशी असलेला संबंध उपजीविकेचा आहे, माझा उपभोगाचा होता. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष साहाय्य जाहीर केले त्यांत बुलढाणा एक होता. ज्या मुलखात पिकाचे एक वर्ष बुडणे हा जिवावरचा प्रसंग असतो, तेथे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने शेजाऱ्यास वैराग्य शिकवावे, यात अधर्म आहे. आपल्या शास्त्रात हिंसेचा विचार फार सूक्ष्म केला आहे. पान तोडू नये, मुंगी चिरडू नये, हे आपण कटाक्षाने पाळतो. त्या खोलीत येताना मी पायाखाली पाहून चालत असे. ओल्या गंजीकडे मात्र मी पाहिलेच नाही, कारण ती हिंसा माझ्या हाताने झालेली नव्हती. फक्त माझ्या तारेने झाली होती.

दृष्टांतपाठातील जन्मांध व हत्तीचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. तो आपण परमेश्वराच्या ज्ञानाविषयी लावतो, आणि तो त्यासाठीच आहे. परंतु मला अलीकडे तो गावाविषयीही आठवतो. नगरातून आलेल्या माझ्या हाताला या गावाची शांतता लागली आणि मी म्हणालो, गाव असे आहे. महामार्गालगत जमीन शोधीत आलेल्याच्या हाताला भाव लागतो. इतिहासाच्या अभ्यासकास कंचनीचा महाल लागतो. शेतकऱ्याच्या हाताला नाला लागतो. आम्ही उपदेशी लोकांच्या हाताला ओटा लागतो, आणि आपल्यालाच सगळा हत्ती कळला असे इतरांपेक्षा आम्हाला अधिक ठामपणे वाटते, एवढाच फरक.

मग नगर सोडून स्थानाच्या गावी जाऊच नये काय? असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे माझे मतही नाही. वृद्धापकाळी स्थानवंदन घडावे, भिक्षुकांची सेवा घडावी, ही इच्छा शुद्ध आहे. मी एवढेच म्हणेन की, जाणाऱ्याने आपण वसतीस जात आहो की अवस्थानास, हे मनाशी ठरवावे. तिसरा शब्द स्वामींच्या चरित्रात नाही. भाड्याच्या खोलीत राहता आले तर उत्तम. शेत घेऊ नये. घेतलेच तर त्याच्या चारी बाजूंस कोण आहेत, त्यांची पाण्याची आणि गाडीची वाट कोठून आहे, हे खरेदीखताआधी विचारावे. तलाठ्याकडे ते कळत नाही, पारावर कळते. आणि गावकऱ्यांनी पहिल्या ओळीत बसविले तर मागे जाऊन बसावे. हे सर्व फार व्यावहारिक झाले, तत्त्वविवेचनाच्या लेखात शोभत नाही, असे काहींना वाटेल. आपला आचार हा शेवटी अशाच गोष्टींचा बनलेला आहे: कोठे बसावे, कोठे झोपावे, कोणाच्या दारी किती वेळ उभे राहावे. स्वामींनी ते सांगण्यात कमीपणा मानला नाही.

दुसरी एक शंका अधिक कठीण आहे. चूक कळल्यावर मी ते शेत विकून निघून जावे, हा त्याग होईल की पळ? काही स्नेह्यांनी तसे सुचविले. महामार्गामुळे भावही बरा मिळाला असता. परंतु विकत घेणारा कुंपण काढील याची शाश्वती काय? नवा मालक तीच तार अधिक घट्ट ओढील, आणि माझा संबंध मात्र चांगल्या किमतीस सुटेल. जेथे आपल्या ममतेने कोणाची हानी झाली तेथून ती हानी भरून येण्यापूर्वी निघणे, यास संबंधत्याग म्हणता येणार नाही. तो तर हिशेब बुडविणे झाले. पंजाबात आणि त्यापलीकडे पेशावर-काबूलपर्यंत आपल्या पंथाचे मठ होते. १९४७ साली तिकडच्या जयकृष्णी बांधवांना घरे, मठ, स्मृती सर्व मागे ठेवून यावे लागले. त्यांचे सुटणे परिस्थितीने लादलेले होते, आणि तरीही त्यांनी धर्म टिकविला. मला कोणी हाकलीत नव्हते. म्हणून माझ्या निघून जाण्यास काही किंमत नव्हती.

मी तहसिलीत जाऊन माझा विरोध मागे घेतला आणि वाटेस संमती लिहून दिली. नुसत्या तोंडी शब्दावर ठेवले नाही, कारण माझ्यामागे माझ्या मुलांनी काय करावे हे मी सांगू शकत नाही. तारा काढल्या. ट्रॅक्टर जाईल एवढी रुंदी मोजली तेव्हा तीन कडुनिंबांपैकी एक बरोबर वाटेत आला. शेजारी म्हणाला, तोडून टाकू. मी तोडू देऊ शकलो नाही आणि अडवूही इच्छीत नव्हतो. शेवटी त्यानेच तोडगा काढला: झाडाला वळसा घालून वाट माझ्या शेतात आणखी सहा फूट आत आली आणि खोलीचा ओटा अर्धा गेला. त्या वर्षीच्या बुडालेल्या सोयाबीनची भरपाई मी देऊ केली. पहिल्या वर्षी त्याने ती घेतली नाही. दुसऱ्या वर्षी घेतली, पण मोजून, पावती मागून. आम्ही अजून मोकळेपणी बोलत नाही. पहाटे ट्रॅक्टर खोलीशेजारून जातो तेव्हा स्मरण खंडित होते; काही वेळाने पुन्हा सुरू करतो. पुढील चैत्रात जाळीच्या देवास जावयाचे आहे. त्याचा मुलगा त्याच दिवशी गाडी घेऊन तिकडे जाणार आहे असे कळले, परंतु मला घेऊन जाण्याविषयी त्याने काही विचारलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.